पडद्यावर रेघा आलेले लॅपटॉप आणि आम्ही तिघं

दुरुस्त झालेला लॅपटॉप गिऱ्हाईक घरी घेऊन जातं, किस्सा मात्र दुकानातच ठेवून जातं. हिमायतनगरच्या त्या गल्लीतल्या दुकानात मी अकरा वर्षं काढली. किती साठले असतील, तुम्हीच विचार करा! परवा आम्ही मैत्रिणी चहाला जमलो होतो. एकीनं सहज म्हटलं, "अगं सुलभा, माझ्या जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर रेघा यायला लागल्यात." झालं! त्यानंतर मला कुणी थांबवू शकलं नाही. चहा दोनदा गरम करावा लागला.

आधी माणसं सांगते, तीनच आहेत. दुकान खादरभाईंचं. ते मूळचे रेडिओवाले, मग टीव्हीवाले. बाजार खुला झाला, हायटेक सिटीत कंपन्या आल्या, अमेरिकेतली मुलं आईवडिलांना लॅपटॉप धाडायला लागली आणि भाईंनी टीव्हीचा पाना खाली ठेवून लॅपटॉपचा बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला. काउंटरवर नरसिंहुलू. तेलुगू माणूस, चेहरा कायम गंभीर, पण बोलला की समोरचा गारद! आणि तिसरी मी. नल्लकुंट्याच्या मराठी घरातली, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. पावत्या लिहायला म्हणून लागले आणि दोन महिन्यांत सोल्डरिंग गन हातात आली.

*

रेघांचा पहिला लॅपटॉप आणला तो एका निवृत्त मास्तरांनी. चालू केला की पडदाभर उभ्या गुलाबी रेघा. मास्तर म्हणाले, "वहीला समास आखावा तशा आपोआप येतात हो!"

खादरभाईंनी पाहिलं आणि ठरवून टाकलं, पडदा गेला. नवा पडदा मागवला, बसवला, बटण दाबलं. नव्या कोऱ्या पडद्यावर त्याच गुलाबी रेघा! केबल बदलली. रेघा. मी घाबरत घाबरत म्हटलं, "भाई, बाहेरचा मॉनिटर जोडून बघू या का?"

जोडला. तिथंही रेघा! म्हणजे पडद्याचा दोषच नव्हता. चित्र जिथं तयार होतं ती ग्राफिक्सची चिपच चुकीचं चित्र पाठवत होती.

भाईंनी कपाळावर हात मारला. "कपड़े बदल को बैठा मैं, बुखार तो अंदर है!"

त्या चिपच्या पोटाखाली कथलाचे शेकडो बारीक मणी असतात. लॅपटॉप रोज तापतो, रोज निवतो, आणि काही वर्षांनी एखाद्या मण्याला तडा जातो. तो मणी पुन्हा वितळवून जागेवर बसवायचा हे पुढे आम्ही शिकलो. मास्तरांच्या रेघा तेव्हा तशाच राहिल्या, फक्त जुना पडदा आम्ही परत बसवून दिला. त्या दिवसापासून मात्र दुकानाचा कायदा ठरला: आधी बाहेरचा मॉनिटर, मग तोंड उघडायचं!

*

कायदा कळला की माणसाला चढते. मला चढली होती!

बेगम बाजारातले एक मिरचीचे व्यापारी आले. सेठजींचा लॅपटॉप दहा मिनिटं चालायचा, मग चित्राचे तुकडे व्हायचे आणि धाडकन बंद. मी मॉनिटर जोडला, तिथंही तुकडे. मी ऐटीत जाहीर केलं, "ग्राफिक्स चिप. सरळ केस आहे."

खादरभाई चष्म्यावरून बघत म्हणाले, "बेटी, पहले पंखा तो देखो. साँस ले रा क्या नहीं."

नरसिंहुलूनं खालचं झाकण उघडलं. पंखा दिसतच नव्हता, नुसता लालसर भुगा. त्यानं नेहमीच्या सवयीनं ब्लोअर लावला आणि बटण दाबलं.

पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण डोळे उघडेच राहिले नाहीत. मी पळाले, नरसिंहुलू पळाला, भाई काउंटर ओलांडून पळाले. शेजारचा शिंपी कात्री हातात घेऊन रस्त्यावर आला. सगळी गल्ली शिंकत होती!

दहा मिनिटांनी आम्ही डोळे पुसत आत डोकावलो, तर सेठजी स्टुलावर तसेच शांत बसलेले. श्वास खोल ओढून म्हणाले, "अच्छा माल है. गुंटूर का है."

पंखा साफ केल्यावर लॅपटॉप दिवसभर चालला. चिप ठणठणीत होती.

*

मग पुण्याहून नोकरीसाठी आलेला जोशी. सॉफ्टवेअर इंजिनियर, आमच्याच गल्लीच्या टोकाला फ्लॅट. तो आला तो स्टीलचा गोल डबा घेऊन. डब्यात लॅपटॉपचा मदरबोर्ड!

"इंटरनेटवर वाचलं होतं," तो जरा ओशाळून म्हणाला. "ग्राफिक्स गेलं की बोर्ड ओव्हनमध्ये ठेवायचा. मणी वितळतात आणि आपोआप बसतात."

"मग? ठेवलात?"

"आठ मिनिटं. ओव्हन आधी तापवून घेतला होता."

नरसिंहुलूनं डब्यात वाकून पाहिलं. चेहरा तसाच गंभीर. "सार, सुई डालके देखे क्या? अंदर से कच्चा तो नहीं रहा ना?"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी. पण बोर्ड हातात घेतला तेव्हा हसू थांबलं. प्लास्टिकचे जोड मेणासारखे वाकले होते, एका कोपऱ्याला बोर्ड काळा पडला होता. चार दिवस लागले. वितळलेले जोड एकेक करून काढले, नवे बसवले, चिप नीट मशिनवर धरून शेकली. पाचव्या दिवशी बटण दाबलं आणि पडदा लख्ख उजळला! भाईंनी टाळीच वाजवली.

लॅपटॉप न्यायला जोशीची बायको आली. फार गोड मुलगी. आभार मानायला घरी केलेला केक घेऊन आली.

मी विचारलं, "त्याच ओव्हनमधला का?"

"हो! दोनदा पुसून घेतला."

 खादरभाईंनी हात जोडले आणि अतिशय नम्रपणे सांगितलं की त्यांचा रोजा आहे. रमजानला अजून चार महिने होते!

*

आता माझी स्वतःची फुशारकी. ती सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

खादरभाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यालाही धूसरच दिसायचं, तरी दुकानात येऊन स्टुलावर बसायचे. घरी करमत नाही म्हणायचे. तेवढ्यात वसुंधरा गारू आल्या; तेलुगूत आदरानं नावापुढे 'गारू' लावतात. या बाई साड्यांची डिझाइनं करायच्या. लॅपटॉपवर चौकटीच्या कागदासारखं चित्र काढायचं, त्याचे नकाशे गावातल्या विणकरांना द्यायचे, मग ते धागे रंगवणार. त्यांच्या पडद्यावर सगळे रंग विस्कटून गेले होते.

"परवा विणकर येणार आहेत नकाशे न्यायला," त्या हिंदीत म्हणाल्या. "बारा घरांचे माग थांबलेत."

मी म्हटलं, हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशिनवर लावू. पण त्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर त्याच एका लॅपटॉपवर चालायचं, परवानाच तसा होता. म्हणजे चिप उचलायची, खालचे सगळे मणी खरवडून काढायचे, नवे बसवायचे आणि चिप पुन्हा चिकटवायची. हे काम तोवर फक्त भाईंनी केलेलं.

बाईंनी विचारलं, "कोण करणार?"

भाईंनी पट्टीआडून माझ्याकडे बोट केलं.  बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडेसुद्धा अवघड गाठी बायकाच मारतात. करा."

दुपारभर मी चिमट्यानं मणी मांडत होते. मोहरीहून लहान! श्वास जोरात सोडला तरी उडायचे. मग गरम हवेची मशिन चालू केली. भाई शेजारी बसून नुसतं ऐकत होते आणि वास घेत होते.

"धुआँ आया?"

"आला."

"मीठा बास आ रा क्या, जला हुआ?"

"गोडसर आहे, भाई."

"अभी नक्को... अभी नक्को..." ते मान पुढे काढून हुंगत राहिले. "अब! हटाओ!"

मशिन काढली. बोर्ड निवू दिला. मग बटण दाबलं. दोन सेकंद काळोख, आणि पडदाभर एक साडी उलगडली! गडद लाल, काठावर पांढरे पोपट.

"क्या दिख रा? कौनसा रंग?" भाईंनी मान आणखी पुढे काढली.

"लाल, भाई."

"पूरा लाल, क्या गुलाबी?"

"पूरा लाल!"

भाई स्टुलावर मागे रेलले. "हौला हूँ मैं, बेवकूफ. कायको ऑपरेशन कराया? ये छोरी है ना देखने कू!"

 वसुंधरा गारूंनी माझी बोटं हातात घेतली आणि उलटसुलट करून बघितली. दिवाळीच्या आधी दुकानात एक पार्सल आलं. आत तीच साडी.

*

घरी मात्र माझ्या कामाचा कुणाला पत्ताच नव्हता. दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं 'चिप-लेव्हल रिपेअर'. आईनं त्यातलं सोपं तेवढं उचललं. नामपल्लीच्या एका ओळखीच्या कुटुंबानं पुण्याचं स्थळ आणलं, मंडळी बघायला आली आणि आईनं अभिमानानं सांगितलं, "आमची सुलभा चिप्सचं काम करते."

मुलाची आई कौतुकानं म्हणाली, "हो का? बटाट्याचे की केळ्याचे?"

मी पोहे घेऊन येत होते, ताट हातातून सुटता सुटता राहिलं!

मुलगा सिंगापूरला राहून आलेला. तिथले फोटो दाखवायला त्यानं लॅपटॉप उघडला, आणि तिसऱ्याच फोटोला पडद्यावर चौकटी चौकटी झाल्या. तो घाईघाईनं बटणं दाबायला लागला. "स्क्रीन खराब झाला वाटतं. कंपनीत दाखवतो."

मी ताट ठेवलं आणि कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. फोटो झटक्यात नीट झाला! अंगठा काढला, चौकटी. दाबला, फोटो.

"स्क्रीन नाही. ग्राफिक्सची चिप सुटलीय," मी म्हटलं.

मुलाचे वडील पुढे सरकले. "असं किती दिवस चालेल?"

"मी अंगठा ठेवीन तोवर."

सिंगापूरचा उरलेला सगळा प्रवास मी अंगठा दाबून पाहिला. निघताना लॅपटॉप माझ्या हाती देत मुलगा म्हणाला, "तुम्हाला एवढं येतं, म्हणजे लग्नानंतर घरातलं सगळं फुकटात दुरुस्त!" आणि स्वतःच मोठ्यानं हसला.

लॅपटॉप मी आठवड्याभरात दुरुस्त करून पाठवला. नकारही त्याच खोक्यात ठेवणार होते, पण आईनं तो फोनवर स्वतः कळवला. फोन ठेवताना म्हणाली, "अहो, चिप्स नाही, चिप! एवढी शिकलेली माणसं तुम्ही!"

*

आणि हा भालेराव काकांचा. काका बँकेतले निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, नल्लकुंट्याला आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. जन्मापासून दिसत नव्हतं. पण लॅपटॉपवर बोटं अशी चालायची की बघत राहावं. जे टाइप करतील ते लॅपटॉप त्यांना वाचून दाखवायचा. ते लिहायचे मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, आणि वाचणारा आवाज गोऱ्या साहेबाचा. काका म्हणायचे, "माझं मराठी हा बूट घालून बोलतो."

एका सकाळी ते काकूंचा हात धरून दुकानात आले. "सुलभा, आर उमटत नाही गं. चार दिवस एका शब्दापाशी अडलोय."

मी लॅपटॉप चालू केला. आवाज आला, सगळं सुरू झालं, पण पडदा काळा ठिक्कर! बाहेरचा मॉनिटर जोडला, तोही काळा. ग्राफिक्स पार गेलं होतं, बाकी लॅपटॉप मजेत चालू.

सांगावं कसं ते मला कळेना. "काका, पडद्यावर काहीच दिसत नाहीये."

"हो?" काका म्हणाले. "कधीपासून?"

काकू म्हणाल्या, "अगं, दिवाळीपासून काळाच आहे! मला वाटलं, यांना कशाला उजेड, म्हणून यांनीच बंद करून ठेवला."

काका एवढे हसले की खोकला आला. खादरभाई लगेच उठले. "काका, रख को जाओ. दो दिन में पिक्चर ला देतूँ."

काकू खूश झाल्या. "द्या हो करून! दिवसभर कानाला ते हेडफोन लावून काय लिहीत असतात, मला तरी वाचता येईल."

"म्हणूनच राहू द्या," काका म्हणाले. "आर तेवढा करा."

आरच्या बटणाखाली बडीशेपेचा दाणा अडकला होता. तो काढला, बटण बसवलं आणि लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "बघा काका, टाइप करून."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. सात बटणं, एका दमात. हेडफोन घरी राहिले होते, त्यामुळे गोऱ्या साहेबाचा आवाज सगळ्या दुकानात घुमला.

"शा-र-डा!"

काकू दचकल्या. "अगंबाई! माझं नाव कशाला घेतंय ते?"

"झालं, आर लागला," काका म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप मिटला.