बारा मीटरचा पतंग

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्यांना खरेदीसाहेब म्हणत. खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं आणि तिथेच राहिलं होतं. एकवीस वर्षं ते कारखान्यासाठी कागदाची रिळं, डिंक, पट्टे, बेअरिंग असं काय काय विकत घेत आले होते, आणि तीन ठिकाणचे दर मागवल्याशिवाय त्यांनी कधी एक टाचणीसुद्धा घेतली नव्हती. घरी तर हात आणखीच आखडता. हॉलसाठी नवा पंखा घ्यायचं ठरलं त्याला दोन उन्हाळे होऊन गेले होते. दरांच्या तुलनेचा तक्ता तयार होता, पंखा यायचा होता.

"मला पसंत करताना यांनी किती कोटेशनं मागवली होती, ते मी अजून विचारलेलं नाही," असं त्यांची बायको मैत्रिणींना सांगायची. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. दिवसाला शंभर जणांना सुई टोचणारी बाई, तिला कुठल्याही गोष्टीचा फार विचार करत बसायची सवय नव्हती.

पन्नाशी लागली तसं डॉक्टरांनी खरेदीसाहेबांना रोज चालायला सांगितलं. बागेला तिकीट होतं, समुद्राला नव्हतं, म्हणून ते समुद्रावर जायला लागले. एका संध्याकाळी वारा असा सुटला होता की डोळ्यांत वाळू जात होती. परत फिरावं म्हणून ते वळले, तेवढ्यात पाण्यावरून एक माणूस सुसाट गेला. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्यातून वर गेलेल्या लांबलचक दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला चंद्रकोरीसारखा फुगलेला निळा पतंग. लाट आली तसा तो माणूस सरळ हवेत उचलला गेला, दुमजली घराएवढा वर गेला आणि अलगद खाली उतरला. खरेदीसाहेब जागच्या जागी थांबले. आपल्याला काहीतरी हवंय आणि ते कारखान्यासाठी नाही, असं त्यांना कित्येक वर्षांनी वाटलं.

माणूस निथळत बाहेर आला तेव्हा ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"हे सगळं सामान कितीला पडतं?"

तो माणूस हसला. "लोक आधी विचारतात, कसं वाटतं." तो गावातला दातांचा डॉक्टर निघाला. खेळाला काइटसर्फिंग म्हणतात आणि किनाऱ्याच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई तो शिकवतात, एवढं त्याने सांगितलं.

शिकवणाऱ्या बाई चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांना सगळे कोच म्हणत. सामानाची यादी द्या, असं खरेदीसाहेबांनी म्हणताच त्या म्हणाल्या, "काही घेऊ नका. आधी शिका. सामान शाळेचं वापरा. पाच-सहा धडे झाले की तुम्हाला इथला वारा कळेल, मला तुम्ही कळाल. मग घेऊ."

खरेदीसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. विकायला बसलेला माणूस घेऊ नका म्हणाला की त्याच्या मनात दुसरंच काही असतं, हे ते एकवीस वर्षांत शिकले होते. तरी आगाऊ नोंदणीला सूट होती, म्हणून त्यांनी सहा धड्यांचे पैसे भरून टाकले आणि तारीख मुद्दाम चार महिन्यांनंतरची घेतली. तेवढ्यात स्वस्त आणि चांगलं सामान शोधून होईल, असा हिशोब. पावतीवर खाली बारीक अक्षरात 'पैसे परत मिळणार नाहीत' असं होतं. ते त्यांनी वाचलं आणि त्यांना पटलंही. त्यांनी स्वतःही तेच लिहिलं असतं.

मग तक्ता सुरू झाला. पतंगाचं वर्ष, किती वापरला, कापड अजून कडक आहे की धुतलेल्या चादरीसारखं मऊ पडलंय, ठिगळं किती, दोऱ्या सारख्या आहेत का, असे सोळा रकाने. बायको जेवायला बोलवायची तेव्हा ते एखाद्या अनोळखी विक्रेत्याला पतंगात हवा भरायच्या व्हॉल्व्हचा जवळून फोटो पाठवायला सांगत असायचे. आणि खरं सांगायचं तर त्यांचा अभ्यास पक्का होता. नवशिक्याने नवाकोरा पतंग घेऊ नये, कारण तो पहिले काही आठवडे पाण्यावर आपटतच राहतो. फार जुना तर मुळीच घेऊ नये, कारण जुन्या पतंगांची ओढ एका झटक्यात सोडून देता येत नाही, आणि तिथे वाचवलेले पैसे हाडांच्या डॉक्टरला द्यावे लागतात. फळी वापरलेली चालते, पण मोठी हवी. कमरेचा पट्टा मात्र आपल्याच मापाचा घ्यावा. आणि पतंग किती मोठा, हे आपलं वजन आणि तिथला वारा ठरवतो, खिसा नाही.

किनाऱ्यावर ही बातमी पसरली. नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं त्यांच्याकडे सल्ल्याला आलं. खरेदीसाहेबांनी त्यांना निम्म्या किमतीत दोघांचं सामान जमवून दिलं आणि महिन्याभरात ती दोघं पाण्यावर पळायलाही लागली. खरेदीसाहेब काठावर उभे राहून बघायचे. "तुम्ही कधी?" असं त्यांनी विचारलं की म्हणायचे, "माझं अजून फायनल व्हायचंय."

फायनल झालं ते दंतवैद्यामुळे. त्याचा गुडघा गेला आणि त्याने आपला बारा मीटरचा, म्हणजे बारा चौरस मीटर कापडाचा, निळा पतंग विकायला काढला. खरेदीसाहेबांचं वजन एक्क्याण्णव किलो, इथला वारा बेताचा, बारा मीटर अगदी चपखल. पण तपासल्याशिवाय घेतील ते खरेदीसाहेब कसले? पतंग फुगवून बघायला घरात जागा नव्हती, म्हणून जेवणाच्या सुट्टीत दंतवैद्याला त्यांनी कारखान्याच्या गोदामात बोलावलं. रिळांच्या दोन रांगांमध्ये पतंग पसरला. पंपाने हवा भरली तसा तो फुगत फुगत वजनकाट्यापासून पार दारापर्यंत गेला. डबे बाजूला ठेवून अख्खा गोदाम विभाग गोळा झाला.

"साहेब, एवढा माल चढवायचा कशावर?" फोर्कलिफ्टवाल्याने विचारलं.

"माझ्यावर," खरेदीसाहेब म्हणाले. कोणी हसलं नाही, कारण ते विनोद करत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं.

त्यांनी प्रत्येक व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं. चारही दोऱ्या लोखंडी खांबाला अडकवून ताणल्या. त्यातली एक बोटभर आखूड निघाली. ओढ सोडून द्यायची लाल कडी त्यांनी ओळीने वीस वेळा ओढून पाहिली. शेवटी दंतवैद्य रिळावर बसला आणि म्हणाला, "मी दातसुद्धा इतके तपासत नाही हो."

"म्हणून लोक दुसऱ्यांदा येतात तुमच्याकडे," खरेदीसाहेब म्हणाले, आणि आखूड दोरीपायी किंमत आणखी उतरवून पतंग घेतला. फळी त्यातच आली. कमरेचा पट्टा तेवढा त्यांनी नवा घेतला, तीन वेळा कंबर मोजून.

पहिल्या धड्याच्या दिवशी बायको चहाचा थर्मास घेऊन बरोबर आली. शेडमधल्या टेबलावर कोच फॉर्म भरत होत्या.

"वय?"

"पन्नास."

"वजन?"

"एक्क्याण्णव. त्या हिशोबानेच बारा मीटर घेतलाय."

कोचनी पतंगाच्या पिशवीकडे एक नजर टाकली आणि वजन लिहून घेतलं. "पोहता येतं ना?"

खरेदीसाहेबांनी पतंगाची पिशवी जवळ ओढली. बाहेर कुणाच्या तरी पतंगाचं कापड फडफडत होतं.

"आपण पाण्यावर असणार ना?" ते म्हणाले.

"पुढे. त्याआधी बरेच दिवस पाण्यातच."

"लाइफ जॅकेट घेतलंय. वापरलेलं, पण तीन ठिकाणची बघून."

"जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवेल. किनाऱ्याला आणून सोडणार नाही." कोचनी पेन खाली ठेवलं. "पोहायला शिकून या. त्याशिवाय मी कोणाला पाण्यात नेत नाही."

"अहो, सोळा रकान्यांत हे एवढं राहिलंच होय?" बायको हळूच म्हणाली.

खरेदीसाहेबांना पावती आठवली. पैसे परत मिळणार नव्हते आणि धडे याच हंगामात संपवायला हवे होते. भरलेले पैसे वाया जाताना बघणं त्यांना अपमानापेक्षा जड जात होतं. त्यांनी विचारलं, "नाव बदलून मिळतं का?"

"मिळतं."

ते बायकोकडे वळले. "तू पोहायचीस ना गं?"

"कॉलेजात. चार वर्षं."

"मग तू घे धडे. फुकट घालवायचे नाहीत."

अशा रीतीने खरेदीसाहेबांनी स्वतःच्या तोंडाने बायकोला समुद्रात धाडलं आणि तिच्या चपला आणि चष्मा सांभाळत वाळूवर बसले. निळा पतंग तिच्या कामाचा नव्हता. "एवढीशी बाई याला बांधली तर पलीकडच्या बंदरातून आणावी लागेल," कोच म्हणाल्या आणि त्यांनी तिला शाळेचा आठ मीटरचा दिला. पहिले दोन दिवस ती नुसती पाण्यातून ओढली गेली. तिसऱ्या दिवशी फळीवर उभी राहिली, पडली, परत उभी राहिली, आणि बाहेर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि ती थांबायचं नाव घेत नव्हती. सहा धडे संपल्यावर तिने आणखी सहाचे पैसे भरले, स्वतःच्या पगारातून, त्यांना न विचारता.

एका शनिवारी ती खांद्यावर पिशवी टाकून शेडमधून बाहेर आली.

"हे काय?"

"पतंग. आठ मीटर. शाळेचाच, वर्षभर वापरलेला."

"किती ठिकाणी विचारलंस?"

"इथेच."

"दोऱ्या मोजल्यास?"

"ताणून बघितल्या. माझ्या वजनाला बसतो, उडतो, सोडला की सुटतो. अजून काय बघायचं असतं?"

सगळं मिळून दहा मिनिटं लागली होती. खरेदीसाहेबांनी घरी येऊन तो पतंग निमूटपणे तक्त्यात घातला. सोळा रकाने भरले, गुण दिले, बेरीज केली. चार महिन्यांत पाहिलेल्या एकोणतीस पतंगांत तो पहिला आला. त्यांनी बेरीज परत करून पाहिली आणि फाइल बंद केली. बायकोला यातलं काही सांगितलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी ते पोहण्याच्या तलावावर गेले. गावात तलाव एकच होता, त्यामुळे तुलनेचा प्रश्न आला नाही. सकाळी सहाची प्रौढांची बॅच होती. त्यात एक निवृत्त पोस्टमन आणि दोन बहिणी. ज्यांच्या टेबलापुढे सप्लायर लोक हात बांधून उभे राहायचे, ते खरेदीसाहेब काठाची दांडी धरून, तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडत होते. दोन्ही बहिणी आठवड्यात दांडी सोडून तरंगायला लागल्या. पोस्टमनही सुटला. खरेदीसाहेबांची बोटं दांडीवरून निघत नव्हती.

एके दिवशी टॉवेल वाळत घालता घालता ते बायकोला म्हणाले, "मला पाण्याची भीती वाटते गं. तक्ता करत होतो तेवढे दिवस वाटत नव्हती."

तिच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, ते तिने गिळलं. "मलाही वाटते," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी पतंग वर गेला की पोटात गोळा येतो."

"मग जातेस कशाला?"

"गोळा जातो नंतर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दांडी सोडली. नाकातोंडात पाणी गेलं, पाय तळाला लागले आणि ते खोकत उभे राहिले. पण सोडली. तलावाची एक लांबी न थांबता पार करायला त्यांना तीन महिने लागले. तोवर नऊ किलो वजन उतरलं होतं आणि तीनदा मोजून घेतलेला तो नवा पट्टा काखेपर्यंत सरकायला लागला होता. सगळ्या सामानातली नवी घेतलेली तेवढी एकच वस्तू, आणि बदलावी लागली तीही तेवढीच.

पुढच्या हंगामात त्यांनी परत सहा धडे घेतले, या वेळी सूट न मिळता. निळा पतंग वर गेला तेव्हा कोच मान वर करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चांगला घेतलाय." एरवी खरेदीसाहेबांनी हे वाक्य आठवडाभर जपून ठेवलं असतं, पण त्या क्षणी ते पाण्यातून पोटावर फरफटत चालले होते आणि कानात समुद्र शिरला होता. पाच दिवस हेच चाललं. सहाव्या दिवशी पाय फळीत अडकवले, पतंग खाली वळवला, आणि कोणीतरी बगलेत हात घालून उभं करावं तसे ते पाण्यावर उभे राहिले. पायाखाली पाणी कडक झालं होतं, रस्त्यासारखं. मग पतंग कलला आणि ते तोंडावर आपटले. वाऱ्याने त्यांना पार खालच्या अंगाला नेऊन सोडलं, आणि ओला पतंग आणि फळी घेऊन वाळूतून परत यायला त्यांना पाऊण तास लागला.

"किती वेळ उभा होतो मी?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"सात सेकंद," कोच म्हणाल्या.

"जास्त असतील."

"सात."

बायकोने त्यांच्या कानातली वाळू काढली. ते वाऱ्याकडे बघत राहिले. वारा पडत चालला होता.

सोमवारी त्यांनी मॅनेजरच्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला. बावीस वर्षांची साठलेली रजा होती. कारणाच्या जागी 'वारा' असं लिहिलं होतं आणि तारखेची जागा रिकामी होती.

"तारीख घाला की," मॅनेजर म्हणाला.

"ती आदल्या दिवशी कळेल."

मॅनेजरने अर्ज उलटसुलट करून पाहिला, चष्मा काढला आणि खरेदीसाहेबांच्या सोललेल्या नाकाकडे बघत राहिला. मग त्याने तारखेची जागा तशीच ठेवून खाली सही केली.