ऑर्व्हिलचा बहात्तरावा सामना

ऑर्व्हिल टॅकेटला वर्षभर एकच काम होतं. समोरच्या संघाचा डावखुरा बॅटर आला की आमच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर बक हॅनिगर मैदानातून स्वतःच्या डाव्या दंडाला हात लावायचा, आणि चेंडू टाकणारा हा डावखुरा पिचर कुंपणाजवळच्या बाकावरून उठून जायचा. चार-पाच चेंडू टाकायचे, गड्याला बाद करायचं, परत यायचं. त्याच बाकावर त्याचे सरावाचे चेंडू झेलणारा कॅचर मी. त्याचा खांदा दुखतोय हे त्याच्या बायकोआधी मला कळायचं.

असं करत करत पठ्ठ्याने एका हंगामात एकाहत्तर सामने गाठले. आमच्या लीगमध्ये इतके पूर्वी एकानेच खेळले होते. आणखी एक झाला की विक्रम एकट्या ऑर्व्हिलचा. नाव छापून यावं असं त्याच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं. हिवाळ्यात तो शाळेचा बॉयलर पेटवायचा.

शेवटचा सामना सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीत, दुपारी. लीगमध्ये आम्ही पाचवे होतो. जिंकलो काय नि हरलो काय. बकने सकाळीच सांगितलं, "आज तुला एक बॅटर नक्की. कधी, ते माझ्यावर सोड." ऑर्व्हिलची बायको नदीन तर केकवर साखरेने ७२ काढून घेऊन आली होती.

पण त्या दिवशी आमचा लीलँड फॉस्की पेटला. तेहतीस वर्षांचा हा पिचर उद्यापासून सासऱ्याच्या पेंडीच्या दुकानात बसणार, आणि आजच त्याच्या चेंडूवर कुणाला हिट मिळेना, म्हणजे फटका मारून बेस गाठता येईना. सात डाव झाले, आठ झाले. नऊच्या नऊ डाव एकट्याने असे एकही हिट न देता काढले, तर माणसाचं जन्माचं नाव होतं. अशा वेळी आमच्यात कुणी त्याबद्दल ब्र काढत नाही, त्याच्याजवळ बसत नाही. बोललं की बिघडलं.

"हात मोकळा करतोस का?" मी ऑर्व्हिलला हळूच विचारलं.

"गप बस. शेंगा खा."

नवव्या डावात आम्ही एका रनने पुढे होतो. दोन बाद झाले आणि लीलँड दमला. वाईट चेंडू टाकून लागोपाठ दोघांना त्याने हिटशिवाय फुकट बेसवर सोडलं. पुढचा बॅटर नेमका डावखुरा. बक लीलँडकडे चालू लागला. लीलँडचं वाईट वाटत होतं आणि ऑर्व्हिलचंही. प्रार्थना कुणासाठी करावी तेच मला कळेना.

बाजूला पाहतो तर ऑर्व्हिलने बूट काढलेले. मोजेसुद्धा. दोन्ही पाय बर्फाच्या बादलीत.

"अरे वेड्या, बक आता दंडाला हात लावेल."

"लावू दे की. अनवाणी पिचर कोण खेळवतो?"

बकने आमच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दंडाकडे निघालेला हात त्याने टोपीकडे नेला, लीलँडच्या पाठीवर थाप मारली आणि परत फिरला. दोनच चेंडूंनंतर बॅटरने उंच मारलं आणि आमच्या एका पोराने झेल घेतला. लीलँडला खांद्यावर उचलणाऱ्यांत ऑर्व्हिल सर्वांत पुढे, अनवाणी.

"बुटांना काय झालं होतं रे?" बक नंतर गुरगुरला.

"चावत होते, बक."

नदीनने सुरीने केकवरचे आकडे खरवडले आणि लीलँडच्या शून्य हिटसाठी मोठं शून्य काढलं. ऑर्व्हिलने दोन तुकडे चापले. इतका खुशीत तो मला वर्षभरात दिसला नव्हता.

"चावत होते म्हणे," नदीन त्याच्या बुटांकडे बघत मला म्हणाली. "चार वर्षांचे आहेत. काढायला नाडीसुद्धा सोडावी लागत नाही."

मग तिने त्याच्या ताटलीत तिसरा तुकडा वाढला.