दुसऱ्या वर्षाचं गवत

आमच्या पोरीच्या दुसऱ्या वर्षाचं वाटोळं म्या एका खुरप्यानं केलं. सकाळच्या पारी, च्या प्यायच्या आधी. (आन वरून शाबासकी मिळंल म्हणून वाट बगत बसलो, ते येगळंच!)

म्या साळंत गेलतो, न्हाई आसं न्हाई. पण मास्तराला माझा तरास आन मला मास्तराचा, म्हणून दोघांनी आपसात मिटवून घेतलं. पोरगी पल्लवी मातर शिकली. शेतीच्या कालेजात लागली. पयलं वर्ष झटक्यात काढलं. दुसऱ्या वर्षाला जायच्या आधी सुट्टीला आली, तर तोंड हे एवढंसं.

"आप्पा, दुसरं वर्ष लई आवघड हाय. सर लई कडक हायेत."

म्हणलं, "आगं, शेतीचंच हाय ना? मंग आवघड कशानं? आमी जल्मभर तेच करायलोत!"

तिनं माझ्याकडं नुसतं बगितलं. आईवर गेलीय.

आता राग कुठून सुरू झाला ते ऐका. नेकनूरच्या बाजारात दगडूबापू भेटला. माझ्याच वयाचा, पण जीब माझ्याहून लांब. चारचौघात म्हणतो कसा, "काय बे, पोरगी शेतीचं शिकती म्हणं? आन तुझ्या हिरीजवळ गुडघ्याएवढं गवत! हेच शिकवतेत व्हय कालेजात?"

सगळे हासले. भजेवाला बी हासला! शेतकऱ्याला आईभयनीवरून बोला, एकांदा ऐकून घील. पण रानात गवत हाय म्हणलं की पाठीवर वळ उठतेत वळ!

रातभर तळमळलो. दिस उगवायला खुरपं घेऊन हिरीजवळ गेलो आन दगडूबापूचं तोंड डोळ्यापुढं ठेवून एकएक काडी उपटली. केना गेला, दुधी गेली, तांदुळजा, गोखरू, एकदांडी, कुनाचीच गय केली न्हाई. सगळं म्हशीपुढं टाकलं. म्हशीनं इतक्या मायेनं माझ्याकडं कदी बगितलं नव्हतं.

घरी येऊन बायकोला म्हणलं, "च्या टाक. हिरीजवळचा कोपरा आरशावानी केलाय!"

तिच्या हातातली पकड तशीच ऱ्हायली. "आवो, कावून केलंत वो? त्यो पल्लीनं राखला व्हता!"

राखला? गवत? माणूस ऊस राखतो, जवारी राखतो, एकांदा दाढी राखतो. गवत कोण राखतं?

तेवढ्यात पल्लवी भाईर आली. मला बगितलं, खुरपं बगितलं, आन मटकन उंबऱ्यावर बसली.

"आप्पा, दुसऱ्या वर्षाला तणाचे नमुने द्यायचेत. मुळासकट, फुलासकट. कागदात दाबून, वाळवून पुठ्ठ्यावर चिकटवायचे. फुलं यायची वाट बगत व्हते मी. नमुने न्हाई दिले तर सर परीक्षेला बसूच देणार न्हाईत. उद्या सकाळी जायचंय मला!"

माझं टाळकंच सरकलं. "आरं, गवत उपटायला शिकंल म्हणून पोरगी धाडली, आन हे गवत पाळायला शिकवायलेत! सांग तुझ्या सरला, नमुने म्हशीच्या पोटात हायेत. मुळासकट!"

पोरगी रडायला लागली. बायको म्हणली, "आता उठा. आन उपटलं तेवढं हुडकून आणा."

मंग काय! टोपी घातली आन निघालो. पयलं रान दगडूबापूचंच लागलं. म्या लई गोडीत इचारलं, "बापू, तुझ्या रानात गवत हाय का?"

बापू उभ्या जागी लाल झाला. "बाजारातलं उट्टं काढायला आलास का बे?"

"न्हाई रं, मला खरंच पायजे."

"माझ्या रानात गवत? तुझ्या सासऱ्याच्या रानात आसंल! आन ये इकडं, दावतो तुला!" त्यानं काठी उचलली. म्या वढ्यापोतर पळालो. टोपी तिथंच ऱ्हायली, ती आजून त्याच्याकडंच हाय.

फुडं बगावं तर जिकडं तिकडं तणनाशक मारलेलं. गवतानं पिवळं पडून मान टाकलेली. जल्मभर ज्याला शिव्या घातल्या, ते आज पायजे म्हणलं तर गावात मिळंना!

हात हालवत घरी आलो. बायको शांतपनी म्हणली, "बांधावर हाय की."

पल्लवीनं माझ्याकडं बगितलं, म्या छपराकडं.

ह्यो बांध म्हंजी माझ्या आन माझा चुलतभाऊ महालिंग ह्याच्या मधला. कुनाचा हाय ते आमच्या बापांना कळलं न्हाई, आमाला बी न्हाई. बोलणं बंद. एकानं तिथं खुरपं टेकवलं की दुसरा तलाठ्याकडं पळतो. म्हणून तिथं कुनी हात लावत न्हाई, आन त्या बांधावर तालुक्यातलं झाडून सगळं गवत सुखानं नांदतंय.

पल्लवीनं जुने पेपर घेतले, म्या खुरपं. पयला केना उपटला न उपटला तोच महालिंग धोतर सावरत आला.

"बांध कोरायलास का बे!"

"बांध न्हाई कोरायलो. गवत न्यायलोय."

"गवत? आजपोतर गवतासाठी कोण बांधावर आलंय? तुला मी वळकत न्हाई व्हय?"

पल्लवी म्हणली, "काका, खरंच. दुसऱ्या वर्षाला लागतंय."

महालिंग इरगळला. "आसं व्हय माय! मंग ने की. पण ह्यो केना माझ्या आंगाचा, बांधाच्या ह्या बाजूचा हाय. माझा म्हणून ने. तुझ्या बापाचा म्हणून नगं."

"तुझ्या आंगाचा कसा? मूळ माझ्याकडं हाय!"

"फूल कुनीकडं झुकलंय बग की, आंधळ्या!"

आन दोन म्हातारे गवताच्या मालकीवरून भांडाया लागले! रेशीमकाट्याच्या तणाचं एकच झाड फुलावर व्हतं. त्यानं वरून धरलं, म्या खालून धरलं. "सोड!" "तू सोड!" आन कट्! मुळी माझ्या हातात, फुलं त्याच्या हातात. दोघं बी उताणे, आपापल्या रानात.

पल्लवी आशी वरडली की बगळे उडाले. "बास! एक आवाज काढायचा न्हाई! त्या बोरीच्या जाळीत आणखी एक दिसतंय. दोघांनी आत घुसायचं. आन मुळी तुटली तर भाईर यायचं न्हाई!"

घुसलो! काय करता? आप्पा आन काका, दोघं बी पोटावर सरपटत. काटं कुठं कुठं घुसलं ते सांगायजोगं न्हाई. भाईर आलो तवा महालिंगच्या धोतराची लक्तरं झालती, माझ्या पायजम्याला खिडकी पडलती, पण झाड मुळासकट, फुलासकट व्हतं.

महालिंग काटं काढत म्हणला, "पल्ली, आणखी कायी लागलं तर मला सांग. ह्या येड्याला सांगू नगं."

म्या पायजम्याला माघं हात लावून उभा व्हतो, भांडायला हात मोकळा नव्हता.

दुसऱ्या दिशी पल्लवी पेपरांचा गठ्ठा छातीशी धरून गाडीत बसली. पुढं फोन आला. "आप्पा, नमुने घेतले सरांनी! परीक्षेला बसायलेय मी!"

"शाब्बास! सुटलो बग!"

"सुटलो कुठं? फुडच्या सत्राला किडे लागतेत. मावा, तुडतुडे, बोंडअळी, सगळे. पेटीत टाचणीनं लावायचेत. आप्पा, कापसावर फवारणी करू नका. मी येऊपोतर एक बी किडा मरता कामा नये."

परवा महालिंग पलीकडून वरडला, "काय बे, कापूस कसा हाय?"

म्या हात जोडून सांगितलं, "लई झ्याक! देवाच्या किरपेनं आळी जोरात हाय!"