बाळूबरोबर चित्रं पाहायला

लोणी काळभोरहून कोथरूडला बसने जाता येतं, पण बसमध्ये कुत्र्याला घेत नाहीत. म्हणून बाळू आणि मी निघालो ते रोपांच्या टेम्पोतून.

थंडीतला रविवार होता. पहाटेची वंदना आटोपून मी चार चपात्या बांधून घेतल्या आणि बाळूच्या गळ्यात पट्टा अडकवला. मी इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. तिथल्या फळ्यावर कुणीतरी कागद लावला होता: 'कोथरूडला उघड्यावर चित्रांचा मेळा, पाळीव प्राण्यांसह या.' त्या शेवटच्या तीन शब्दांनी मला धरून ठेवलं. बाळूला घरी एकटं सोडलं की तो असा रडतो, की गल्ली गोळा होते. तो आला त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मी कुठे गेलेच नव्हते. बंगळुरूला दिलेल्या मुलीकडेसुद्धा नाही.

शेजारच्या दत्ताभाऊंची नर्सरी आहे. त्यांना कोथरूडच्या एका सोसायटीत मोगऱ्याची आणि जास्वंदीची रोपं पोचवायची होती.

"ताई, तुम्ही म्होरं (पुढे) बसा," ते म्हणाले. "त्याला मागं बारदानावर (गोणपाटावर) बसवू. जागा हाय."

"तो एकटा राहत नाही हो."

"मग तुम्ही बी मागंच बसा की."

तशी मी मागेच बसले, अंगाभोवती शाल लपेटून, रोपांच्या मधोमध. बाहेर धुकं इतकं होतं, की सोलापूर रस्ता कुठे संपतो आणि ऊस कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. कुठूनतरी गुऱ्हाळाचा गोड धूर आला आणि मागे गेला. जास्वंदीची पानं माझ्या गालाला लागत होती. बाळूने नाक वर करून एकेक वास ओळखीचा करून घेतला आणि मग माझ्या मांडीवर मान टाकली. हडपसरच्या पुलावर चढलो तेव्हा धुकं खाली राहिलं. वर कोवळं ऊन होतं आणि खाली शहर नव्हतंच, नुसता कापूस पसरलेला. आपण कुठेतरी फार लांब, ज्याचं नावही माहीत नाही अशा गावी चाललोय, असं मला वाटलं. खरं तर अजून रामटेकडीही यायची होती.

मेळा एका टेकडीच्या पायथ्याशी होता. मैदानाच्या कडेने जुनी शिरीषाची झाडं, आणि झाडापासून झाडापर्यंत दोऱ्या बांधून त्यांवर चित्रं टांगलेली. दारातच पाटी होती: 'कुत्र्यांचे स्वागत आहे. कुत्र्यांच्या वागण्यास मालक जबाबदार. मालकांच्या वागण्यासही मालकच जबाबदार.' पुण्यात आलो याची खात्री पटली.

आयुष्यभर मी पुस्तकं हाताळली, चित्रं अशी कधी पाहिली नव्हती. वारा आला की सगळी दोरी हलायची. समुद्र हलायचा, कुणाची तरी खिडकी हलायची, भाताचं शेत हलायचं. पानांतून गळणारं ऊन चित्रांवर पडायचं आणि चित्रातलं ऊन कोणतं, खरं कोणतं, ते थोडा वेळ समजायचं नाही. लोकही हळू बोलत होते. एक पांढरी केसाळ कुत्री एका बाईंच्या कडेवर बसून निसर्गचित्रं पाहत होती. बाळू मात्र पाहण्यापेक्षा हुंगत होता. एका ठिकाणी मी नदीच्या चित्रापुढे उभी राहिले, तेवढ्यात त्याने खाली ठेवलेल्या मगमधलं पाणी लपालपा पिऊन टाकलं. कुंचले धुतलेलं पाणी!

"ओ माय गॉड, सॉरी काकू!" ते चित्र काढणारी मुलगी धावत आली. "पण डोन्ट वरी हं, कलर नॉन-टॉक्सिक आहे. लहान मुलांचा."

बाळूने तिच्याकडे पाहून जीभ बाहेर काढली. जीभ निळी झाली होती. आम्ही दोघी इतक्या हसलो, की आजूबाजूचेही हसायला लागले. तिने त्याला वाटीभर स्वच्छ पाणी दिलं. ते मात्र तो प्यायला नाही.

पुढच्या झाडाखाली जलरंगातली लहान चित्रं होती. घाटावरची कपडे वाळत घातलेली दोरी, दुपारी बंद असलेलं दुकान. मधोमध एक कुत्रा. जिन्याच्या पायरीवर उन्हात झोपलेला, तांबूस रंगाचा. डाव्या कानाचं टोक तुटलेलं. छातीवर ओल्या पावलासारखा पांढरा डाग.

माझ्या हातातला पट्टा मी आणखी घट्ट धरला.

तो बाळू होता. बाळूसारखा नव्हे, बाळूच. झोपेत पुढचा एक पाय दुमडून हनुवटीखाली घ्यायची त्याची जी खोड आहे, तीसुद्धा त्या चित्रात होती. चित्रांपाशी सत्तरीचे एक गृहस्थ पाठमोरे उभे राहून कुणाला तरी कागद गुंडाळून देत होते. बाळूने नाक वर केलं. त्याचा धड कान ताठ झाला. मी पट्टा ओढला आणि चालू लागले. तो सारखा मागे वळून पाहत होता. मी पाहिलं नाही.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बचत गटाच्या बायका मटार करंज्या तळत होत्या. मी दोन घेतल्या आणि झाडाच्या पारावर बसले. करंजी गरम होती, सुरेख होती. पण अर्ध्याहून जास्त बाळूलाच गेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाळू मला कालव्याच्या कडेला उसात सापडला, लंगडत, नुसता हाडांचा सापळा. मी त्याला घरी आणलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी भाजी बाजाराजवळच्या खांबावर एक कागद दिसला. पावसाने भिजलेला, अर्धा फाटलेला. वर हाताने काढलेलं कुत्र्याचं चित्र होतं. खालचा फोन नंबराचा भाग गेलेला होता. म्हणजे, गेलेला असावा. मी फार वाकून पाहिलं नाही. तोवर बाळू माझ्या हातून जेवायला लागला होता.

पारावर बसून मी मनाशी म्हटलं, टेम्पो पाच वाजता येणार. इथून थेट फाटकाशी जायचं. कुणाला काय कळतंय? वर शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्याने वाजत होत्या. दूरवर चित्रं हलत होती. बाळू माझ्याकडे पाहत होता, निळ्या जिभेने, कसलाही संशय न घेता. मी उठले.

"सर," मी त्या गृहस्थांना म्हटलं, "हे चित्र..."

"ते विकायचं नाही," ते मागे न वळताच म्हणाले. "तशी चिठ्ठी लावली होती, ती कुणीतरी नेली. बहुतेक चिठ्ठीच आवडली."

एवढ्यात बाळू पुढे झाला. धावला नाही की भुंकला नाही. त्यांच्या चपलांपाशी जाऊन कितीतरी वेळ हुंगत राहिला. मग घशातून एक बारीक आवाज काढला, जो मी चार वर्षांत कधी ऐकला नव्हता, आणि त्यांच्या पावलांवर आडवा झाला.

त्यांनी खाली पाहिलं. हातातला कागद तसाच राहिला.

"गेरू?" ते म्हणाले.

ते केळकर सर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, राहायला सदाशिव पेठेत. चार वर्षांपूर्वी लोणीला मेहुणीकडे लग्नाला आले होते. वरातीच्या फटाक्यांना बिचकून गेरू उघड्या फाटकातून पळाला. आठ दिवस नवरा-बायको त्याला शोधत होते. कागद सरांनीच हाताने काढून लावले होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. खांबावरच्या कागदाचंही.

"नंबर फाटलेला होता ना?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक. मी नीट वाकून पाहिलं नाही."

"पाहायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

ते काही वेळ बाळूच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "माझ्या बायकोचा हा," शेवटी म्हणाले. "फाटक आपण उघडं ठेवलं, असं ती म्हणते. नसेल ठेवलं. पण चार वर्षं रोज तेच. आता तिला जिने उतरवत नाहीत. आपण घरी याल का?"

शेजारच्या चित्रकाराला चित्रं सांभाळायला सांगून आम्ही निघालो. रिक्षावाला म्हणाला, "कुत्रं नाही नेत." सर म्हणाले, "तो तुम्हाला नेत नाहीये, तुम्ही त्याला नेताय. चला." आणि रिक्षा निघालीसुद्धा! रविवारची दुपार होती. पेठेतली दुकानं बंद, गल्ल्यांत सावल्या, कुठल्याशा खोलीत पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्याचा एकसुरी आवाज. मला सगळं पाण्याखालून पाहावं तसं दिसत होतं. इमारतीशी उतरलो तशी बाळूने आमची वाट पाहिली नाही. दोन जिने एकटा चढून गेला आणि बरोबर दारापुढे बसला.

सरांच्या पत्नी, विमलताई, खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. बाळूला पाहून त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, त्याने त्यांत तोंड खुपसलं, आणि त्या म्हणाल्या, "मी फाटक उघडं ठेवलं रे." पुन्हा पुन्हा तेवढंच. सर स्वयंपाकघरात गेले. चहाच्या भांड्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, चहा मात्र उशिरा आला.

विमलताईंनी मला विचारलं, "काय म्हणता तुम्ही याला?"

"बाळू."

"काय खातो?"

"चपाती-दूध. अंडं. दोडका घातला तर बाजूला काढतो."

"इथेही काढायचा." मग त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "इथेच ठेवा म्हटलं तर ठेवाल?"

माझ्या डोळ्यांपुढे घरातलं त्याचं झोपायचं पोतं आलं. "हो," मी म्हटलं.

विमलताईंनी खाली पाहिलं. बाळूने त्यांच्या पायाशी पुढचा पाय दुमडून हनुवटीखाली घेतला होता. तो झोपला होता.

"मग न्या," त्या म्हणाल्या. "नाही म्हणाला असतात तर भांडले असते."

"अहो, पण..."

"मला खाली उतरवत नाही, यांचे गुडघे गेलेत. याला काय गॅलरीत फिरवू? चार वर्षं मला वाटत होतं, हा कुठेतरी गाडीखाली सापडला. नाही सापडला. पुरे झालं. फक्त आत्ता उठवू नका. आपला आपण उठेल."

तो दोन तास झोपला. आम्ही तिघं त्याच्याभोवती हळू आवाजात बोलत बसलो, तान्हं मूल निजलेल्या घरात बोलतात तसं. सरांनी त्याचा कान लहानपणी मांजराने कसा फाडला ते सांगितलं. मी तो उसात कसा सापडला ते सांगितलं. त्याच्या आयुष्याचे दोन तुकडे आम्ही एकमेकांना देत होतो. भिंतीवरची उन्हाची पट्टी सरकत सरकत छताला गेली. निघताना सर म्हणाले, "महिन्यातून एका रविवारी आणाल?" विमलताई म्हणाल्या, "दोन."

मी फोन करून पत्ता कळवला होता, तसा दत्ताभाऊंनी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आणला. रिकाम्या हौद्यात ओल्या मातीचा वास होता. परतताना बाळू एकदाही झोपला नाही. मागच्या फळीवर हनुवटी टेकून पाठीमागे पळणारा रस्ता पाहत राहिला. मी त्याला जवळ ओढलं नाही.

लोणीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मी सदाशिव पेठेत फोन लावला. "पोचलो," म्हटलं. पलीकडून विमलताई म्हणाल्या, "त्याच्या कानाला लावा." लावला. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, विचारलंही नाही. बाळू मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकत होता.

चार वर्षं मी लोकांना सांगत आले होते, की हे कुत्रं मला सापडलं. ते म्हणताना कुठेतरी काटा सलायचा. त्या रात्री प्रथमच मी त्याच्या ताटलीत दूध ओतताना मनाशी वेगळं वाक्य म्हटलं: हे मला कुणीतरी दिलंय. तो दूध प्यायला, तोंड पुसायला माझ्या साडीशी आला, आणि मी निर्धास्तपणे त्याला पुसू दिलं.