कन्हानच्या वाळूवरची दहा मिनिटं

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं कन्हानच्या काठी एका कॉटेजवर गेलो होतो. मी, बायको, सहा वर्षांची लेक आणि माझे वडील. नागपूरहून गाडीनं तासाभराचा रस्ता. बुकिंग मी केलं होतं आणि खरं सांगतो, त्याचा मला अभिमान होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाबा आयुष्यात सुट्टी म्हणून कुठं गेले नव्हते. लग्नाला जात, मयतीला जात, नाही तर संत्री घेऊन कळमन्याच्या बाजारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खोलीतलं पाणी तोंडात घेतलं आणि अंगणात थुंकलं.

"हे काय पाणी हाय गा? चव ना ढव."

"फिल्टरचं आहे बाबा. शुद्ध असतं."

"शुद्ध म्हणे! चाल वं," ते नातीला म्हणाले, "आपण झिरा खोदू. तुह्या बापाले दाखवू पाणी कसं राह्यते ते."

नदीच्या वाळूत हातभर खड्डा केला की वाळूतून गाळून आलेलं थंड पाणी त्यात साठतं. तो झिरा. दोघं लोटा घेऊन निघाले. मी व्हरांड्यात चहा पीत बघत होतो. काठाजवळ घोटाभर पाण्याची एक धार दगडांवरून खळखळत होती. ती ओलांडली की वाळूचं बेट, आणि त्याच्या पलीकडं खरी नदी. दोघं बेटावर जाऊन बसले. ती वाळू उपसायची, बाबा कड थापायचे. मी वरूनच फोटोही काढला.

मग खळखळ थांबली. एवढंच. पाणी वाढताना आवाज होईल असं मला वाटायचं. तसं होत नाही. दगड बुडाले आणि धार मुकी झाली.

कप कुठं ठेवला आठवत नाही. अनवाणी धावलो. काठावर पोचेपर्यंत पाणी गढूळ झालं होतं, त्यावर फेस आणि पाचोळा.

"बाबा! पाणी वाढून राह्यलं! या इकडं!"

ऑफिसात बसून बसून गेलेली माझी बोली एका क्षणात परत आली. बाबांनी आधी आभाळाकडं बघितलं. ढगाचा ठिपका नव्हता. दसऱ्यानंतर ढगाशिवाय नदी वाढत नाही, हा त्यांचा जन्माचा अनुभव. त्यांनी एक काडी पाण्याच्या कडेला रोवली आणि उभे राहिले. बघता बघता काडी बुडाली. त्यांनी लेकीला खांद्यावर घेतलं.

मी पाण्यात उतरलो. चार पावलांत कंबरेएवढं पाणी, आणि पायाखालची वाळू सरकायला लागली.

"मांगं हो! तुले पोहता येते काय? मांगं हो म्हणतो ना!"

खरंच येत नाही. गावची पोरं विहिरीत पोहायला शिकत होती, त्या वयात बाबांनी मला तालुक्याच्या वसतिगृहात ठेवलं होतं. मी मागं आलो. लेकीकडं बघत मागं आलो, हे लिहायला अजून हात धजत नाही.

ती आधी हसत होती. तिला तो खेळ वाटला असावा. मग तिनं बाबांचे केस दोन्ही मुठींत धरले. बेट खळ्याएवढं होतं, ते खाटेएवढं झालं. मग बाबांच्या पोटऱ्या दिसेनात. बायको शेजारी येऊन उभी होती आणि माझा दंड इतका घट्ट धरून होती, की पुढं चार दिवस तिथं काळं-निळं राहिलं. कॉटेजचा मॅनेजर काठानं पळत मासेमारी करणाऱ्या एका म्हाताऱ्याला हाका मारत होता.

त्या म्हाताऱ्यानं आपली होडी, लाकडी डोंगा, प्रवाहाच्या बराच वर नेला आणि पाण्याबरोबर तिरका सोडून बेटाला लावला. बाबांनी आधी लेक दिली. डोंगा लहान, म्हणून स्वतः त्याची कड धरून छातीभर पाण्यातून आले. सगळं मिळून दहा मिनिटं झाली असतील.

मॅनेजर धापा टाकत म्हणाला, "साहेब, फॉर्मवर लिहिलं होतं ना! रब्बीसाठी धरणातून पाणी सोडतात, सकाळी पात्रात उतरू नका. तुमची सही आहे."

फॉर्म इंग्रजीत होता. असल्या कागदांचं आपल्याला काही वाटत नाही, हे काउंटरवरच्या माणसाला दिसावं म्हणून मी न वाचताच झोकात सही ठोकली होती.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. "त्यानं सांगतलं होतं मले. मीच आयकलं नाही."

तिनं सासऱ्यापुढं कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "बाबा, जीव गेला असता हो तिचा!" बाबा खाली मान घालून धोतराचा सोगा पिळत राहिले. आणि मी गप्प राहिलो.

दुपारी निघालो. बाबा मागं, त्यांच्या मांडीवर लेक झोपलेली, केसांत वाळू. बायको माझ्या शेजारी. हळू आवाजात, पण मागं ऐकू जाईल असं ती म्हणाली, "यापुढं मी पोरीला त्यांच्याबरोबर एकटी सोडणार नाही."

मी ब्रेक दाबला. गाडी कडेला घेतली.

"मी त्यांना काही सांगितलं नव्हतं," मी म्हणालो. "तो कागद मी वाचलाच नव्हता."

"चाल ना गा, ऊन होऊन राह्यलं," मागून बाबा म्हणाले.

बायकोनं सीटबेल्ट काढला. ती उतरली, मागचं दार उघडलं आणि बाबांच्या शेजारी जाऊन बसली.