दोनटिंब्या

कार्यालयात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. खरं तर तिनं उभ्या आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. सुटलेला अनुस्वार, चुकलेला स्वल्पविराम, असलं काही नजरेतून निसटून छापून आलं, की दिवसभर तिला घास गोड लागत नसे. छापखान्याला टाळं लागलं तेव्हा ती चाळिशीला आली होती. बरोबरचे लोक मिळेल ती नोकरी धरून गप्प बसले. तिनं मात्र सायबर सुरक्षेच्या वर्गात नाव घातलं आणि आपल्या निम्म्या वयाच्या पोरापोरींच्या बाकावर जाऊन बसली.

पहिले काही महिने तिला ओ की ठो कळत नव्हतं. अशा वेळी कामाला आला तो भुंगा.

भुंगा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लहानपणी सारखा तिच्याभोवती गुणगुणत फिरायचा, म्हणून हे नाव. वडील गेले तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. त्याला अंघोळ घालण्यापासून त्याच्या निबंधातल्या चुका काढण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. छापखान्यानं मोडीत काढलेला एक जुना कंप्यूटर तिनं त्याच्यासाठी उचलून आणला होता. त्यावर अक्षरं कुठली कुठे असतात, हे त्याची बोटं हातात धरून तिनंच दाखवलं. मग तो त्यातच पुढे गेला, दुसऱ्या शहरात राहून घरबसल्या ‘कंप्यूटरचं काहीतरी’ करू लागला. आता तोच तिला फोनवर शिकवत होता.

“ताई, घाबरतेस काय? आयपी पत्ता म्हणजे घराचा पत्ता समज. पण चोर दुसऱ्याच्या घराचा पत्ता देऊन पत्र टाकू शकतो. म्हणून पाकीट बघून भुलायचं नाही. ते कुठल्या कुठल्या हातातून आलं, ते बघायचं.”

“इतकं सोपं करून आमच्या सरांनी का नाही सांगितलं रे?”

“त्यांना तुझ्यासारखी ढ बहीण नसेल,” असं म्हणून तो हसायचा.

सायबर गुप्तवार्ता विभागाच्या मुलाखतीला ती गेली ती जिवावर उदार होऊन. विभागप्रमुख बाईंनी तिला यंत्रांबद्दल फारसं विचारलंच नाही. कुठल्यातरी चोरट्या टोळीच्या आपसातल्या गप्पांचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, “वाचा, आणि काय कळतं ते सांगा.”

तिनं दोनतीन गोष्टी सांगितल्या. मग थांबून म्हणाली, “पण हे सगळे एकाच गावात बसतात की वेगवेगळ्या, ते यावरून सांगता येणार नाही.”

बाई पहिल्यांदा हसल्या. “काय कळत नाही, हे तुमच्याआधी एकानंही सांगितलं नाही. बाकीचं आम्ही शिकवू.”

आणि शिकवलंही. लोकांच्या कंप्यूटरमध्ये घुसणारे मागे काय काय ठेवून जातात, खोटे माग कसे पेरतात, त्यांचे अड्डे आंतरजालाच्या कुठल्या कोपऱ्यात भरतात, तिथे तोंड न उघडता कसं बसून राहायचं. तांत्रिक गोष्टी ती रेटून शिकली. अवघड होती ती बाईंची शिस्त. ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’ एका वाक्यात घालायचं नाही. प्रत्येक निष्कर्षाखाली लिहायचं, की मी चूक ठरायची असेन तर ती कशामुळे. आणि आपल्याला जे हवंय तेच दिसायला लागलं, तर समजायचं की डोळे बिघडले. शेवटी अहवाल असा लिहायचा, की एखाद्या रुग्णालयाच्या व्यवस्थापकालाही एका वाचनात कळावं उद्या सकाळी काय करायचं ते.

घरी मात्र यातलं अवाक्षर बोलायचं नाही, ही अट होती. त्यामुळे आई शेजाऱ्यांना सांगायची, “आमची पोर सरकारी कंप्यूटर सांभाळते.” शेजारी मग आपले बिघडलेले प्रिंटर घेऊन यायचे, आणि तीही मुकाट्यानं ते उघडून बसायची.

त्या वर्षी एका टोळीनं रुग्णालयांना लक्ष्य केलं होतं. आत शिरायचं, सगळ्या नोंदी कुलूपबंद करायच्या आणि खंडणी मागायची. रुग्णालयांना धमक्या लिहिणारा माणूस एकच होता, हे मास्तरीणबाईंनी भाषेवरून ओळखलं. तो वाक्याच्या शेवटी एकाऐवजी दोन टिंबं द्यायचा, आणि स्वल्पविरामानंतर जागा सोडायचा नाही. विभागात त्याचं नाव पडलं दोनटिंब्या. पुढे कित्येक महिने तिनं त्याचं लिखाण डोळ्यांत तेल घालून वाचलं. तो शिकलेला आहे, चिडत नाही, धमकीतही समजुतीच्या सुरात बोलतो, टोळीचा म्होरक्या नसावा. मध्ये बरेच दिवस तो गप्प झाला. अहवालात तिनं लिहिलं: ‘आजारपण किंवा घरगुती अडचण असावी. खात्री कमी.’

मग एका गावातल्या रुग्णालयाची सगळी यंत्रणा बंद पडली. डायलिसिससाठी आलेल्या लोकांना दारातूनच दुसऱ्या गावी पाठवावं लागलं. त्यातला एक निवृत्त बसचालक वाटेतच गेला. त्याच्या मुलीचा जबाब विभागाकडे आला. ‘बाबा गाडीत सारखे विचारत होते, अजून किती लांब.’ मास्तरीणबाईंनी तो एकदाच वाचला.

दुसऱ्या दिवशी त्या रुग्णालयाला आलेले संदेश तिच्यापुढे आले. दुपारची वेळ होती, शेजारच्या टेबलावर कुणीतरी संत्रं सोलत होतं. रुग्णालयाच्या व्यवस्थापकानं गयावया केली होती, की आमची माणसं मरतील. त्यावर उत्तर होतं: ‘टिचकीभर काम आहे,तुम्ही ठरवा,आम्ही लगेच उघडून देतो..’

टिचकीभर.

हा शब्द तिच्या वडिलांचा होता. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. माणसं आत अडकली, की बाहेरून त्यांना ओरडून सांगायचे, “टिचकीभर थांबा, काढतोच!” चुटकी वाजवायला लागतो तेवढा वेळ, म्हणून टिचकीभर. तिनं हा शब्द घराबाहेर कधी ऐकला नव्हता. हजारो पानांच्या मुद्रितांतही कधी तिच्या नजरेला पडला नव्हता.

ती उठली, स्वच्छतागृहात जाऊन उभी राहिली. परत आली आणि शिकवल्याप्रमाणे कागदावर लिहायला बसली, की मी चूक ठरायची असेन तर कशामुळे. हा शब्द दुसऱ्या एखाद्या घरात असू शकतो. वडिलांनी लिफ्टमधून सोडवलेल्या कुणी तो उचललेला असू शकतो. दोन टिंबं अर्धं जग देतं. भुंगा लिहायचा तरी कुठे, तो तर फोनच करायचा. चूक ठरण्यासाठी इतकी आसुसलेली ती जन्मात कधी नव्हती.

मग तिनं दोनटिंब्या गप्प होता ते दिवस काढले. त्याच दिवसांत आईचं कमरेचं हाड मोडलं होतं, आणि भुंगा सगळं सोडून धावत आला होता. रुग्णालयात आईच्या खाटेशी बसून राहायचा, तिचे केस विंचरायचा, परिचारिकांना मावशी-मावशी करून हसवायचा. आई घरी आली, चालायला लागली, तसा तो परत गेला. आणि दोनटिंब्या पुन्हा लिहू लागला.

ती विभागप्रमुख बाईंच्या खोलीत गेली. दार लावलं.

“दोनटिंब्या माझा भाऊ असावा.”

बाईंनी चष्मा काढला. “असावा, की आहे?”

“असावा. खात्री मध्यमच्या वर.” तिनं हातातला कागद पुढे सरकवला. “बाई, मी चूक असेन तर मला सांगा ना. तुम्ही तपासा. माझे डोळे बिघडलेत म्हणा.”

बाईंनी तिला पाणी दिलं. मग म्हणाल्या, “आत्तापासून तू या प्रकरणात नाहीस. दुसरा माणूस पहिल्यापासून तपासेल, तुझं टिपण न वाचता. आणि तुझ्या भावाला कळेल असं काही करायचं नाही. फोन आला तर नेहमीसारखं बोलायचं. जमेल?”

“नाही जमणार,” ती म्हणाली. “पण बोलेन.”

फोन दोन दिवसांनी आला. ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

“ताई, आईच्या वॉकरची रबरं झिजली असतील बघ. घसरेल ती. मी नवी पाठवू का?”

“पाठव.”

“आवाज असा का येतोय तुझा?”

“सर्दी झालीये.”

“अंगावर काढू नकोस हं. तुझं नेहमीचंच आहे ते, सगळ्यांचं करायचं आणि स्वतःकडे बघायचं नाही. बरं, टिचकीभर आईला दे फोन.”

तिनं फोन आईला दिला आणि आत जाऊन तोंडात पदर कोंबला. आई बाहेर हसत होती. तिला वाटलं, आत्ता फोन हिसकावून घ्यावा आणि ओरडावं, पळ. ते हातात होतं, एका शब्दाचं काम होतं. तेव्हा बसचालकाची ती मुलगी तिच्या डोळ्यांपुढे आली. ही आपल्या भावाला वाचवायला निघाली होती, आणि ती पोर त्या गाडीत आपल्या बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्या फोनचीही नोंद दिली, त्या शब्दासकट.

दुसऱ्या माणसानं वेगळ्या वाटेनं तपासलं, यंत्रांच्या मागावरून, आणि तो त्याच दारात पोचला. भुंग्याला पकडलं त्या सकाळी आईला ते पोलिसांकडून कळलं नाही, शेजाऱ्यांनी टीव्हीवरची बातमी दाखवली. आई म्हणत राहिली, हा आपला नव्हे, सारखा दिसतो एखादा. संध्याकाळी तिनं लेकीला समोर बसवलं.

“तू कंप्यूटरचं काम करतेस. तुला ठाऊक होतं?”

“हो, आई.”

“कधीपासून?”

“थोड्या दिवसांपासून.”

“आणि तो माझ्याशी बोलत होता, तेव्हा?”

“हो.”

आई रागावली असती तर बरं झालं असतं. “आधी त्याला विचारायचंस गं,” एवढंच म्हणाली. “कान धरून विचारायचंस. तुझं ऐकलं असतं त्यानं.”

तुरुंगातल्या भेटीत मध्ये काच होती आणि दोन्हीकडे फोन. भुंगा वाळला होता. आधी तो आईबद्दलच विचारत राहिला. मग म्हणाला, “कुणी मरावं असं नव्हतं गं ताई. म्होरक्या म्हणायचा, रुग्णालयं लगेच ऐकतात, सगळं लगेच उघडून द्यायचं. मी फक्त लिहायचो.”

“फक्त लिहायचास,” ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. “कोर्टात म्हणाले, पहिला माग सरकारी सायबर विभागातल्या एका विश्लेषकानं लावला. तू?”

तिनं नजर काचेवरून खाली घेतली, आणि त्याला कळलं.

“कशावरून?”

ते तिला सांगता येत नव्हतं. कामाची बंधनं होती, ती वेगळीच. वडिलांची मूर्तीसुद्धा त्याला धड आठवत नव्हती. त्यांच्याकडून त्याला मिळालेला तो एकच शब्द होता, आणि त्या शब्दानंच तो पकडला गेला, हे तिला त्याच्या कानात घालवेना.

“यंत्रांवरून,” ती म्हणाली.

“मला वाटलंच.” तो थोडा वेळ काचेवर बोट फिरवत बसला. “तू सांगितलंस, त्याचं मला एवढं नाही लागलं. तुझं कामच आहे ते. पण त्या दिवशी फोनवर मी तुला अंगावर काढू नकोस म्हणत होतो आणि तू ऐकून घेत होतीस. ते मला नाही सोसत, ताई.”

पुढच्या वेळी ती गेली तेव्हा दारावरच्या शिपायानं सांगितलं, तुमचं नाव भेटीच्या माणसांत नाही. फक्त आईचं आहे.

विभागप्रमुख बाई म्हणाल्या, हवी तेवढी रजा घे, सोडायचं तर सोड. तिनं काही सोडलं नाही. दुसरं तिला येत तरी काय होतं! विभागात नवी माणसं भरती झाली, तेव्हा बाईंनी तिलाच त्यांच्यापुढे उभं केलं. एका तरतरीत मुलीनं विचारलं, “या कामाला सगळ्यात जास्त काय लागतं, मॅडम?” तिनं सांगितलं, नेटवर्क नीट शिका, परकी भाषा शिका, साधं लिहायला शिका, घाईनं खात्री देऊ नका. सगळे भराभर उतरवून घेत होते. आपल्या घरातला शब्दही परक्यासारखा वाचता यावा लागतो, हे मात्र तिच्या तोंडून आलं नाही.

आई धाकट्या मावशीकडे राहायला जायचं म्हणाली. कारण सांगितलं, की तिथून तुरुंगाची बस थेट मिळते. ते खरंही होतं. तिनं आईची औषधं, कपडे, जादा चष्मा, सगळं नीट भरलं आणि गाडीनं सोडायला गेली. वाटेत दोघी हवापाण्याचं बोलल्या. मावशीचं दार आल्यावर आई लगेच उतरली नाही. मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

“तुझं चुकलं असं मी म्हणत नाही,” ती म्हणाली. “त्या बसवाल्याचंही कुणी होतंच. पण तुझ्यासमोर बसून मला जेवण जात नाही गं. तू रोज मला वाढतेस, आणि मला वाटतं, तिकडे त्याला कोण वाढत असेल.”

“येत राहू ना मी?”

आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. मग गाडीचं दार उघडलं. मावशी पायऱ्या उतरून आली, बहिणीचा दंड धरून तिला सांभाळत आत घेऊन गेली, आणि मागे वळून भाचीला म्हणाली, “नंतर फोन कर, आज नको.” दार लागलं. तिला कार्यालयात जायचं होतं. गाडीची किल्ली फिरवायला मात्र तिचा हात बराच वेळ उचलेना.