कारण दिलेलं नाही

रॉझलिन पेल्की आमच्या भूशास्त्र विभागाच्या कचेरीत एकतीस वर्षं बसली आणि एवढ्या वर्षांत तिने कुणाबद्दल वाईट शब्द काढला नाही. मला तो तिचा दोषच वाटायचा. मी तळघरात दगड कापायचं यंत्र चालवतो, दिवसभर धूळ खातो, त्यामुळे माझी जीभ आधीच खरखरीत. दुपारी वर जाऊन तिच्या टेबलाशी सँडविच खाता खाता मी प्राध्यापकांची उणीदुणी काढायचो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "जाऊ दे रे वॉल्ट, त्यांच्याही घरी काहीतरी असेल."

ती नदीपलीकडची, कागदगिरणीतल्या माणसाची मुलगी. तिच्या घरातलं कुणी या विद्यापीठात शिकायला आलं नव्हतं, झाडायला मात्र दोघं आली होती. तिला इथे सगळ्यात जपून करायचं काम दिलेलं होतं, ते गुप्त पत्रांचं.

आमच्याकडे तरुण प्राध्यापकाला सहा वर्षं देतात. मग त्याचं काम देशभरातल्या दहाबारा जाणत्यांकडे पाठवायचं, त्यांनी गुप्तपणे मत लिहायचं, विभागाने आपला कौल द्यायचा आणि शेवटी विद्यापीठाच्या समितीने ठरवायचं. ठेवला तर जन्मभर, नाहीतर वर्षभरात गाशा गुंडाळ. पत्रं मागवायची, फाईल लावायची आणि शेवटी एक तक्ता भरायचा, हे रॉझचं काम. कुणाला विचारलं, कुणी लिहिलं, कुणी नकार दिला आणि का, ते त्या तक्त्यात येतं.

त्या वर्षी फाईल होती डेरेल कुशमनची. तळ्यांच्या तळाचा गाळ उपसून हजारो वर्षांचं पाऊसपाणी सांगणारा हा माणूस. स्वतःचे बूट स्वतः धुणारा, मला 'प्लीज' म्हणणारा. या इमारतीत असे दोनच होते आणि दुसरा केव्हाच निवृत्त झाला होता.

गाळाच्या अभ्यासातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे मिनेसोटाचे हॉलवर्सन. त्यांचं पत्र आलं ते हाताने लिहिलेलं, रॉझच्या नावाने. बायको आता मला ओळखत नाही, लिहायला बसलो की ती घाबरून ओरडते, म्हणून मत पाठवू शकत नाही. या पोराइतकं चांगलं काम मी वीस वर्षांत पाहिलेलं नाही. पण घरातलं हे कुणाला कळू देऊ नका, एवढी विनंती.

रॉझने विनंती पाळली. तक्त्यात लिहिलं: नकार. कारण दिलेलं नाही.

मार्चमध्ये विभागप्रमुख फेअरब्रदर समितीकडून परत आले. मी रॉझच्या टेबलाशीच होतो.

"कुशमन गेला," कोट न काढताच ते म्हणाले. "हॉलवर्सननी तोंड फिरवलं आणि कारणही दिलं नाही. समितीला तेवढं पुरलं. न आलेलं पत्रच तिथे सगळ्यात मोठ्याने वाचतात."

रॉझ उठली. तिने खणातून ते पत्र काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"अगं रॉझ, हे तक्त्यात का नाही?"

"त्यांनी नको म्हटलं होतं."

"काय केलंस हे!"

पत्र घेऊन ते तसेच माघारी गेले. नऊ दिवसांनी वरून उत्तर आलं. खासगी चिठ्ठी म्हणजे मत नव्हे, ती मागाहून फाईलला जोडता येत नाही. कामात चूक झाली असं कुणाला वाटत असेल तर उमेदवाराने एका महिन्यात अपील करावं. पत्र वरच कुलपात राहिलं.

"मग त्याला सांगा ना अपील करायला," मी म्हटलं.

"कशाबद्दल?" फेअरब्रदर म्हणाले. "फाईलमध्ये काय होतं हे त्याला सांगायची परवानगी मलाही नाही आणि रॉझलाही नाही."

माझं डोकंच फिरलं. शहाण्यांनी बांधलेलं घर आणि दरवाजाच ठेवलेला नाही!  त्या दिवसांत रॉझने जेवणाचा डबा उघडलेला मी पाहिला नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनला, ती तळघरात उतरली. कुशमन माझ्या शेजारच्या थंड खोलीत गाळाच्या नळ्यांना चिठ्ठ्या लावत होता. जाण्याआधी नळ्या कुणाच्या तरी हवाली करायच्या होत्या.

"डेरेल, ऐक," ती दारातूनच म्हणाली. "चूक माझी झाली. तुझ्याबद्दल कुणीही वाईट म्हटलेलं नाही. हॉलवर्सननी तर मला लिहिलं होतं की वीस वर्षांत असं काम पाहिलं नाही. मी ते दडवलं. आजच्या आज अपील कर."

त्याने हातातली नळी खाली ठेवली. मग हसला, आणि ते हसू मला अजून छळतं.

"रॉझ, किती करता हो माझ्यासाठी."

"अरे, खरं सांगतेय!"

"मग दाखवा ना ते पत्र."

"ते वर आहे. कुलपात."

"हो ना," तो हळूच म्हणाला. "मी हॉलवर्सनना दोनदा लिहिलं. उत्तर नाही. फेअरब्रदरना विचारलं, त्यांनी बुटांकडे बघितलं. आणि तुम्ही सगळ्यांना असंच सांगता, रॉझ. मला माहीत आहे, तुमचं मन मोठं आहे."

आता मला राहवेना. मी यंत्र बंद करून आत गेलो. "डेरेल, ती खरं बोलतेय. तुझं काम खरोखरच उत्तम आहे. सगळे म्हणतात."

माझ्या तोंडून एवढं गोड ऐकलं आणि त्याची खात्रीच पटली. त्याचे डोळे भरून आले.

"वॉल्ट, आता तुम्हीसुद्धा?" तो म्हणाला. "म्हणजे फारच वाईट लिहिलेलं असणार."

 मग रॉझने स्टूल ओढलं, त्याच्या शेजारी बसली आणि नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवू लागली. पाच वाजेपर्यंत दोघं तशीच बसली होती. अपिलाची खिडकी पाचलाच बंद होते.